त्रास गोळीचा की तलफेचा?

अमरावती-अकोल्याकडे तंबाखू सोडायचे मार्ग ठरलेले आहेत. कुणी पंढरीची माळ घालतो, कुणी मोझरीला गुरुकुंजात समाधीपुढे शब्द देतो, कुणी लेकीचं लग्न ठरलं की खिशातली पुडी काढून फेकतो. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज दोघंही अमरावती जिल्ह्यातले. व्यसन सुटतं ते निश्चयानं, ही शिकवण इथल्या घराघरांत मुरलेली आहे आणि तिचं मोल मोठं आहे. पण निश्चय करूनही ज्याला जमत नाही, त्याला डॉक्टर गोळी लिहून देतात तेव्हा तो आधीच ओशाळलेला असतो. चार दिवसांत गोळी बंद होते. कारण विचारलं की उत्तर येतं, "गोळीनं मयमय होते, रातभर सपनं पडतात, डोकं भणाणते." ही तक्रार खरी असते. यातलं गोळीचं किती आणि तंबाखू सुटल्याचं किती, हे मात्र कुणी त्याला उलगडून सांगत नाही.

चिठ्ठीवर मिळणारी मुख्य औषधं दोन. पहिलं व्हॅरेनिक्लिन. ते २००६ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, पुढे भारतातही आलं. दुसरं ब्युप्रोपियॉन, मूळचं नैराश्यावरचं औषध, १९९७ पासून धूम्रपान सोडवण्यासाठी वापरलं जाणारं. यांच्या जोडीला निकोटीनचे च्युइंगम आणि पट्ट्या. २ मिलिग्रॅमचा गम कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीविना मिळतो, ४ मिलिग्रॅमच्या गमला चिठ्ठी लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं निकोटीनचे गम आणि पट्ट्या २००९ मध्ये, तर व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. म्हणजे ही औषधं श्रीमंतांच्या चोचल्यांची नाहीत, कुठल्याही सरकारी दवाखान्यात ती असावीत अशीच आहेत.

ही औषधं प्रामुख्यानं ओढणाऱ्यांवर तपासली गेली आणि आपल्याकडे बहुतेक लोक चघळणारे आहेत, हे मात्र सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवं. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के, न ओढता खाणारे-लावणारे २४.४ टक्के; काही जण दोन्हींत. वऱ्हाडातल्या कुठल्याही पानठेल्यासमोर पाच मिनिटं उभं राहिलं तर हे आकडे डोळ्यांनी दिसतात. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन तळहातानं घोटला जातो, रंग लालसर काळा होईपर्यंत. मग या खर्ऱ्याच्या पुडीला रबर लावून ती खिशात जाते. गुटखाबंदी २०१२ साली झाली, पुढे तीत खर्रा-मावाही आला. घोटणं काही थांबलं नाही.

व्हॅरेनिक्लिन काम कसं करतं, ते समजलं तर त्याचे दुष्परिणामही समजतात. निकोटीन मेंदूतल्या ज्या जागी जाऊन बसतं, तिथेच ही गोळी जाऊन बसते. ती त्या जागेला थोडंसंच चेतवते, त्यामुळे तलफ उतरते. आणि जागा अडलेली असल्यानं वरून बिडी ओढली तरी पूर्वीची मजा येत नाही. पूर्व युरोपात साठच्या दशकापासून वापरात असलेल्या सायटिसिन या वनस्पतिजन्य औषधावरून ही रचना घेतली आहे. निकोटीनसारखंच काम करणारी गोळी निकोटीनसारखीच पोटात ढवळते. ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा तंबाखू तोंडात धरला तेव्हा काय झालं होतं, ते त्याला आठवत असेलच.

मळमळ हा या गोळीचा सर्वांत ठळक दुष्परिणाम. मोठ्या चाचण्यांत साधारण चारांतल्या एकाला ती होते. बहुतेकांची सौम्य असते आणि काही आठवड्यांत ओसरते. पण वऱ्हाडात गोळी घ्यायची पद्धत ती मळमळ वाढवणारी आहे. पहाटे उठायचं, कोऱ्या चहाच्या दोन घोटांबरोबर गोळी गिळायची आणि वावरात जायचं. ही गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत घ्यायची असते. सकाळी भाकर खाल्ल्यावर एक, संध्याकाळी लवकर जेवून दुसरी. दुसरी गोळी निजताना घेतली की झोप मोडते आणि चमत्कारिक, रंगीत, खरीखुरी वाटणारी स्वप्नं पडतात. तीच गोळी दिवे लागायच्या वेळी घेतली तर पुष्कळांची ही तक्रार कमी होते. मात्राही हळूहळू चढवायची असते. पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस अर्धा मिलिग्रॅम दोनदा, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोनदा, असं १२ आठवडे. तंबाखू सोडायचा दिवस सहसा आठवा. पहिल्या दिवसापासूनच मोठी गोळी सुरू करणारा रोगी ओकाऱ्या काढत परत येतो आणि दोष औषधाला लागतो. मळमळ सोसवत नसेल तर डॉक्टर मात्रा कमी करून उपचार पुढे चालू ठेवू शकतात. हे रोग्याला पहिल्याच भेटीत सांगितलं तर निम्म्या गोळ्या कचऱ्यात जायच्या वाचतील, असं माझं ठाम मत आहे.

आता ज्या दुष्परिणामाची सर्वांत जास्त भीती आहे, त्याकडे येऊ. व्हॅरेनिक्लिन बाजारात आल्यावर दोन-तीन वर्षांतच नैराश्य, चिडचीड, विचित्र वागणूक आणि आत्महत्येचे विचार अशा तक्रारी नोंदल्या जाऊ लागल्या. जुलै २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन या दोन्हींच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक, इशारा छापायला लावला. त्याच प्रशासनानं कंपन्यांना मोठी चाचणी करायला सांगितलं. ईगल्स या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या चाचणीत १६ देशांतले ८,१४४ लोक होते, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना आधीपासून मानसिक आजार होता. एप्रिल २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. मानसिक आजार नसलेल्यांत गंभीर मानसिक त्रासाचं प्रमाण व्हॅरेनिक्लिनवर १.३ टक्के, ब्युप्रोपियॉनवर २.२, निकोटीन पट्टीवर २.५ आणि नुसत्या खोट्या गोळीवर २.४ टक्के निघालं. आजार असलेल्यांत ते व्हॅरेनिक्लिनवर ६.५ आणि खोट्या गोळीवर ४.९ टक्के होतं. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये ती काळी चौकट काढली गेली. सोडण्यात यश मिळालं का, तर नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत तंबाखूविना राहिलेले व्हॅरेनिक्लिनवर २१.८ टक्के आणि खोट्या गोळीवर ९.४ टक्के.

हे आकडे दिलासा देणारे आहेत आणि मी ते खरे मानतो. तरी ते वऱ्हाडात जसेच्या तसे लावताना काही गोष्टी विसरून चालणार नाही. चाचणीचा खर्च औषध कंपन्यांनी केला होता, आखणी मात्र औषध प्रशासनाच्या सांगण्यावरून झाली होती. त्या १६ देशांत भारत नव्हता. सहभागी सगळे दिवसाला किमान दहा सिगारेटी ओढणारे होते. मानसिक आजाराचे जे रोगी घेतले ते उपचारांवर स्थिरावलेले होते. आत्महत्येच्या उंबरठ्यावर असलेले आणि मागच्या वर्षभरात दारू किंवा इतर व्यसनात अडकलेले लोक वगळले होते.

आणि आपण कुठे राहतो? २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज जाहीर केलं, त्यांत अमरावती आणि अकोला होते. इथे कापसाचा भाव पडलेला, कर्ज थकलेलं, रात्र रात्र झोप नसलेला माणूस तंबाखू सोडायला येतो तेव्हा त्याच्या नैराश्याला कुणी नाव दिलेलं नसतं, उपचार तर दूरच. म्हणून गोळी लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: झोप कशी आहे, आणि जीव नकोसा वाटतो का. असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात विचार घुसत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. घरच्यांनाही सांगून ठेवावं. तो एकदम गप्प झाला, जेवण टाकलं, रात्री अपरात्री वावराकडे निघून जाऊ लागला किंवा निरवानिरवीची भाषा करू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरला गाठायचं. फवारणीची औषधं घरात, खाटेखाली ठेवायची नाहीत, कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायची. हे तंबाखू सोडायची गोळी घेणाऱ्याच्याच घरात करायचं असं नाही, पण तिथे तर नक्कीच. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्याचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून आहे, १०४ हा आरोग्य सल्ल्याचा क्रमांक आहे आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालतो.

दारूचा मुद्दा याहूनही नाजूक आहे, आणि माळ घालण्याच्या प्रथेशी तो थेट जोडलेला आहे. माळ घालताना माणूस दारू, मांस आणि तंबाखू एकाच दिवशी सोडतो. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके, म्हणजे फिट, येऊ शकतात. त्यातच ब्युप्रोपियॉन चालू असेल तर धोका वाढतो, कारण हे औषध मुळातच फिटचा उंबरठा खाली आणतं. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या मात्रेवर हजारात साधारण एकाला फिट येते. ज्याला पूर्वी फिट आली आहे, डोक्याला मोठा मार बसला आहे किंवा ज्यानं नुकतीच दारू तोडली आहे, त्याच्यासाठी हे औषध नाही. मेळघाटात मलेरियावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या आणि मेडिकलमधून सर्रास उचलली जाणारी ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळीही ब्युप्रोपियॉनसोबत धोक्याची. एरवी त्याचे नेहमीचे दुष्परिणाम म्हणजे तोंडाला कोरड आणि झोप न लागणं. रक्तदाबही वाढू शकतो, तेव्हा तो मोजत राहावा. व्हॅरेनिक्लिनच्या बाबतीत २०१५ मध्ये वेगळा इशारा आला. ते घेत असताना काहींना नेहमीची दारूसुद्धा जास्त चढते, भान सुटतं, मागचं आठवत नाही. डॉक्टरपुढे दारूचं कुणी खरं सांगत नाही. बायकोला, आईला बाहेर बसवून पुन्हा एकदा विचारलं तर सांगतात.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट बाहेरच्या कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, बाळापूर, तेल्हाऱ्याकडच्या गावांत विहिरी-बोअरचं पाणी खारट, आणि मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी तिथले लोक वर्षानुवर्षे मांडत आले आहेत. व्हॅरेनिक्लिन शरीरात जवळपास बदलत नाही. ९० टक्क्यांहून जास्त औषध जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड फार खालावलं असेल तर ते रक्तात साचतं आणि मळमळ-चक्कर वाढते. अशा रोग्याची मात्रा निम्म्यावर, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम दोनदा, यापुढे नेऊ नये. त्यासाठी क्रिएटिनिनची एक तपासणी पुरते. सांधेदुखी-कंबरदुखीसाठी रोज वेदनाशामक खाणाऱ्या शेतमजुराची आणि जुन्या मधुमेह्याची ती तपासणी न करता गोळी लिहिणं मला चुकीचं वाटतं.

गम आणि पट्टीचे दुष्परिणाम किरकोळ समजले जातात, पण तेही आपल्याकडे वेगळ्या रूपात येतात. खर्रा चघळायची सवय लागलेला माणूस निकोटीनचा गमही तसाच कचाकचा चावतो आणि रस गिळतो. मग उचकी, घशात जळजळ, पोटात आग. गम चार-सहा वेळा चावायचा, तोंडात तिखटपणा जाणवला की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून धरायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. चहा पिऊन लगेच गम तोंडात टाकला तर निकोटीन नीट शोषलंच जात नाही. पंधरा मिनिटं थांबावं. सुपारीनं ज्यांचं तोंड आवळत चाललं आहे, दोन बोटंही आत जात नाहीत, त्यांना गम चावताच येत नाही. पट्टी त्यांना बरी. पण मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा घामानं पट्टी सुटते, खाली पुरळ उठतं, आणि तापलेल्या अंगातून निकोटीन एरवीपेक्षा जास्त आत जातं. उन्हात राबणाऱ्याला डोकेदुखी, धडधड, मळमळ सुरू झाली तर ती उष्माघाताची की पट्टीची, हे ओळखणं अवघड. पट्टी काढून सावलीत यावं, पाणी प्यावं आणि डॉक्टरला दाखवावं.

बिडी ओढणाऱ्यांसाठी एक वेगळीच गुंतागुंत आहे. बिडीच्या धुरातले काही घटक यकृताला काही औषधं झपाट्यानं मोडायला लावतात. धूर थांबला की आठवडाभरात ती गती मंदावते, आणि तीच मात्रा रक्तात जास्त साचू लागते. दम्याच्या, छातीच्या जुनाट रोग्यांना आपल्याकडे डेरिफायलिन वर्षानुवर्षे दिलं जातं, त्यातलं थिओफिलिन या यादीत आहे. मानसिक आजारावरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन हीसुद्धा. बिडी सोडलेल्या आजोबांना हात थरथरणं, छातीत धडधड, ओकारी, झोप उडणं सुरू झालं की घरचे नव्या गोळीला दोष देतात, पण कारण जुनी गोळी असू शकते. चहातलं कॅफीनही याच वाटेनं मोडतं. बिडी सुटल्यावर तेवढ्याच चहाचा अंमल जवळपास दुप्पट होतो. खर्रा किंवा तंबाखू-चुना सोडणाऱ्याला हे लागू नाही, कारण हा परिणाम निकोटीनचा नव्हे, धुराचा आहे.

आणि सर्वांत जास्त गोंधळ होतो तो तलफेच्या त्रासाशी. तंबाखू सुटला की पहिल्या आठवड्यात चिडचीड, बेचैनी, झोपमोड, उदासी, भूक वाढणं, डोकं जड होणं हे सगळं होतंच, गोळी घेतली असो वा नसो. दोन ते चार आठवड्यांत ते बरंचसं उतरतं. तोंड येतं. बद्धकोष्ठ होतं, कारण कितीतरी लोकांचं पोट सकाळच्या तंबाखूशिवाय साफ होत नाही. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं. व्हॅरेनिक्लिनच्या दुष्परिणामांची यादी काढून शेजारी ठेवली तर अर्धी नावं तीच. फरक ओळखायचा एक सोपा उपाय आहे: गोळी सुरू केल्यावर, पण तंबाखू सोडण्याआधीच्या सात दिवसांत काय झालं ते लिहून ठेवायचं. त्या आठवड्यात आलेली मळमळ गोळीची. आठव्या दिवसानंतर आलेली चिडचीड बहुधा तंबाखूची.

काही भीती मात्र आता मागे टाकायला हरकत नाही. २०११ मध्ये व्हॅरेनिक्लिननं हृदयविकार वाढतो का अशी शंका आली होती. ईगल्सच्या रोग्यांचा एकूण वर्षभर माग काढल्यावर तसं दिसलं नाही. २०२१ मध्ये गोळ्यांत नायट्रोसामाइन जातीची अशुद्धी सापडल्यानं कंपनीनं माल परत बोलावला. अमेरिकेत त्या अशुद्धीची स्वीकारार्ह मर्यादा दिवसाला ३७ नॅनोग्रॅम धरली गेली. खाण्याच्या तंबाखूत याच कुळातली, कर्करोग करणारी रसायनं एका ग्रॅममागे मायक्रोग्रॅमच्या हिशोबात असतात, म्हणजे हजारो नॅनोग्रॅम. वाहन चालवणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. अमेरिकेत २००८ पासून वैमानिकांना ही गोळी मना आहे. आपल्या महामार्गावर रात्रीचा ट्रक चालवणाऱ्यानं पहिले काही दिवस चक्कर-झोप कशी येते हे पाहूनच स्टिअरिंग धरावं.

चघळणाऱ्यांसाठी या गोळ्यांचा उपयोग किती, हा प्रश्न उरतो. स्वीडन-नॉर्वेत ओठाखाली ठेवायच्या तंबाखूवर २०१० मध्ये ४३१ जणांची चाचणी झाली. उपचाराच्या शेवटच्या चार आठवड्यांत व्हॅरेनिक्लिन घेणारे ५९ टक्के आणि खोटी गोळी घेणारे ३९ टक्के तंबाखूपासून दूर राहिले. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये २३७ भारतीय तंबाखू खाणाऱ्यांवरची चाचणी प्रसिद्ध केली. तिथे गोळीचा कल चांगला दिसला, पण तपासणीनं पडताळलेल्या आकड्यांत फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता. शिवाय खर्ऱ्यात सुपारी असते. सुपारी स्वतः कर्करोगकारक आहे हे २००४ मध्येच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं जाहीर केलं, आणि तिचीही वेगळी ओढ असते. निकोटीनचा गम ती भागवत नाही. म्हणून खर्रा सोडणाऱ्याला गोळीबरोबर समुपदेशन हवंच. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर ते फुकट मिळतं.

अमरावतीचं इर्विन आणि अकोल्याचं सर्वोपचार या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत दोन्ही जिल्ह्यांतली माणसं खेड्यापाड्यांतून येतात आणि एका चिठ्ठीवर परत जातात. पुढची भेट महिन्यानं. गोळी सुटते ती मधल्याच दिवसांत: चौथ्या दिवशी मळमळीनं, दहाव्या-बाराव्या दिवशी तलफेनं. त्या दोन दिवसांना समुपदेशकाचा किंवा आशाताईचा एकेक फोन गेला पाहिजे. त्या फोनवर कळलेला त्रास नोंदलाही गेला पाहिजे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रोगीसुद्धा तक्रार सांगू शकतो. बाहेरच्या चाचण्यांत सिगारेट ओढणारा आहे, ओठाखाली तंबाखू ठेवणारा आहे. खारपाणपट्ट्यातला, खर्रा खाणारा, अधूनमधून दारू पिणारा, कर्जात असलेला माणूस त्यांत कुठेच नाही. त्याला या गोळ्यांनी नेमकं काय होतं, हे कळायचं तर त्या नोंदी याच दोन जिल्ह्यांतून व्हाव्या लागतील.